वॉल्टर क्रॅब्रीचा गुडघा

जेफ्री क्रॅब्री आपल्या आजोबांची गोष्ट सांगू लागला, तेव्हा व्हिक्टर लोपिसने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि मनाशी ठरवून टाकलं, की यातलं आपण काहीही वाढवायचं नाही. वाढवायची गरजच पडणार नव्हती.

क्रॅब्री बहारीनमध्ये, मनामातल्या एका इंग्रजी दैनिकाचा संपादक होता. महिनाअखेरीला निवृत्त होऊन तो इंग्लंडला परत चालला होता. व्हिक्टर त्याच्या हाताखाली क्रीडा विभागात उपसंपादक, मूळचा वसईचा. कचेरीत एक रिवाज होता. कोणी सोडून चाललं की सहकारी पेपरचं खोटं पहिलं पान छापत. जाणाऱ्याने ते निरोपाच्या जेवणातच पहिल्यांदा पाहायचं आणि उभं राहून मोठ्याने वाचायचं. एरवी त्यात नुसती थट्टा असे. क्रॅब्रीने मात्र आपणहून सुचवलं, की माझ्या पानावर आजोबा असू देत, आणि लिहायचं व्हिक्टरने.

वॉल्टर क्रॅब्री हा दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लँकेशायरच्या एका गिरणीगावच्या फुटबॉल क्लबचा डावा विंगर होता. हिवाळ्यात आठवड्याला आठ पौंड, उन्हाळ्यात सहा. याहून जास्त पगार कोणत्याच क्लबला देता येत नसे, तसा नियमच होता. पावसात भिजून धोंड्यासारखा जड झालेला चेंडू तो धावता धावता असा उचलून द्यायचा, की समोरच्याने फक्त कपाळ लावायचं. लंडनच्या एका बड्या क्लबने त्याला मागणी घातली. पण त्या काळी करार संपला तरी खेळाडू क्लबच्याच मुठीत राही. क्लबने सोडलं नाही, तर दुसरीकडे खेळता येत नसे. त्याच्या क्लबच्या अध्यक्षाने वॉल्टरला तोंडावर नकार दिला नाही. लंडनवाल्यांना त्याने गुपचूप कळवलं, की पोराचा गुडघा गेलाय. आणि पुढच्याच शनिवारी त्याच गुडघ्यावर त्याला नव्वद मिनिटं पळवलं. वॉल्टरला हे कळलं तेव्हा त्याचे खेळायचे दिवस सरले होते.

“असल्या माणसाला काय म्हणावं, व्हिक्टर?” क्रॅब्रीने डोळे पुसत विचारलं होतं.

व्हिक्टरकडे नाव तयार होतं.

काही वर्षांपूर्वी दोहाच्या एका पेपरने व्हिक्टरला क्रीडा संपादक म्हणून जवळपास घेतलंच होतं. शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे क्रॅब्रीकडे फोनवर चौकशी केली. माणूस चांगला आहे, क्रॅब्रीने सांगितलं, पण एकट्याला पान काढता येत नाही. त्या आठवड्यात दुसरा उपसंपादक रजेवर होता आणि चारही पानं व्हिक्टर एकटाच काढत होता. हे सगळं त्याला पुढे एका स्पर्धेच्या वेळी दोहाच्या संपादकानेच सांगितलं. कचेरीत ते सर्वांना माहीत झालं. क्रॅब्रीसमोर तो विषय कोणी काढला नाही.

“जातोय ना तो? सोड की आता,” मॅगी, व्हिक्टरची बायको, म्हणाली.

“जातोय म्हणूनच.”

पान लावणारा अन्सार रत्नागिरीचा. मजकूर वाचून त्याने खुर्ची व्हिक्टरकडे वळवली. “व्हिक्टरभाय, बदला घेतोस तो पण स्पेलिंग तपासून,” तो म्हणाला. “यल्ला, चल, छापतो.”

जेवण झल्लाकला, समुद्राकाठच्या हॉटेलात होतं. क्रॅब्रीने चष्मा लावला, पान उघडलं, आजोबांचा फोटो पाहून बायकोकडे हसून बघितलं आणि वाचायला लागला. विंग, पाऊस, आठ पौंड. मग लंडनची मागणी. मग गुडघा. टेबलावरचे काटे-चमचे एकेक करून थांबले. क्रॅब्रीला वाटलं, गोष्टच तशी आहे.

तो मध्येच थांबला. “आजोबा मरेपर्यंत हेच विचारत राहिले,” तो म्हणाला. “त्या माणसाने असं का केलं असेल?”

“ते तुम्हीच सांगू शकाल, सर,” व्हिक्टर बसल्या जागेवरून म्हणाला.

“मी?”

“दोहा.”

क्रॅब्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. “दोहाचं काय?”

तो सोंग करत नव्हता. हा चेहरा व्हिक्टरने किती तऱ्हांनी मनात रंगवला होता: ओशाळलेला, चिडलेला, उडवून लावणारा. विसरलेला कधीच नाही. मग तो उठला आणि बातमी द्यावी तसं त्याने सांगितलं. फोन कोणाचा आला, काय विचारलं, काय उत्तर गेलं, त्या आठवड्यात पानं कोण काढत होतं. आवाज चढवला नाही.

क्रॅब्रीच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“तू गेला असतास तर विभाग बसला असता,” शेवटी तो म्हणाला. “मला माणूस हवा होता.”

“अध्यक्षालाही विंगरच हवा होता.”

क्रॅब्री पान दुमडायला लागला.

“शेवटचा परिच्छेद राहिलाय, सर,” व्हिक्टर म्हणाला. “पूर्ण वाचायचं असतं.”

क्रॅब्रीने टेबलभर पाहिलं. कोणीच त्याला सोडवायला आलं नाही. त्याने पान पुन्हा उघडलं आणि वाचलं, की वॉल्टर क्रॅब्री पुढे वीस वर्षं बुटांच्या दुकानात होता. गिऱ्हाईक बसलं की तो त्याच्यापुढे गुडघा टेकून बसायचा आणि त्याच्या पायात बूट चढवायचा. गुडघ्याची तक्रार त्याने कधीच केली नाही.