बटण धरून ठेवणारा अंगठा

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. गाण्यांची नव्हे, व्हिडिओ गेमची. माझ्या पोटात 'पोलादी बगळा' नावाचा महावीर राहतो आणि त्याच्या शेजारी नाण्याएवढी एक बॅटरी. खेळ कुठवर आला, हे मला त्या बॅटरीच्या जिवावर आठवते.

जपानमधल्या कुरे बंदरातल्या गेनिचींनी मला घरी आणले, तेव्हा त्यांची लेक चिझुरू आठ वर्षांची होती. ते जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करत. रविवारी बापलेक रजई लावलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून बसत आणि संत्री सोललेल्या चिकट बोटांनी मला मशीनमध्ये बसवत. मी रुसले, की चिझुरू माझ्या तोंडात फुंकर घाली. त्या फुंकरीने मला गंज चढतो, हे मी कशी सांगणार? लाडच होता तो.

खेळ थांबवतानाची एक शिस्त होती. मशीनवरचे रीसेटचे बटण दाबून धरायचे आणि मगच मशीन बंद करायचे. नाहीतर माझी आठवण पुसली जाई. एकदा चिझुरू विसरली. चार रविवारांची मेहनत पाण्यात.

"रडतेस काय? बगळा पुन्हा उडेल," गेनिची म्हणाले. "पण यापुढे बटण मी धरणार. तुझा अंगठा म्हणजे नुसता मऊ टोफू!"

अखेर दोघे शेवटच्या दारापाशी पोहोचले. आत वादळराजा होता. "पुढच्या रविवारी त्याला बघतोच," गेनिची म्हणाले. पण पुढच्या रविवारी कारखान्यात जादा काम निघाले, मग चिझुरूच्या परीक्षा आल्या, आणि मी बिस्किटांच्या डब्यात गेले. तेहतीस वर्षे.

गेल्या डिसेंबरात वर्षअखेरची सफाई करताना चिझुरूला मी सापडले. गेनिची आता वृद्धाश्रमात असतात आणि लेकीला ओळखत नाहीत. मला नि मशीनला कापडात बांधून ती त्यांच्याकडे गेली.

"या बाई. नवीन नर्स का तुम्ही?"

"नाही हो. खेळायला आलेय."

तिने फुंकर घातली. पडदा उजळला. शेवटचे दार मी जसेच्या तसे सांभाळले होते! गेनिचींची बोटे आपोआप चालू लागली.

"उडी जरा उशिरा मारायची असते, बाई. आमची चिझू फार घाई करते."

"अजून करते," चिझुरू म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

वादळराजा अर्धा हरला होता, तेवढ्यात मदतनीस दारात आली. आंघोळीची वेळ झाली होती. चिझुरूने मशीन बंद करायला हात पुढे केला.

"थांबा! आधी बटण." गेनिचींनी अंगठ्याने ते घट्ट दाबून धरले. "हं, आता करा बंद. राहिलेला राजा पुढच्या रविवारी."

त्यांचे काही चुकले नाही, मित्रांनो. त्याच आठवड्यात माझी बॅटरी विझली. मी आत नुसती पडून होते. ना हाक मारता येत होती, ना ते दार धरून ठेवता येत होते.

रविवारी पडद्यावर एवढेच आले: नवा खेळ. चिझुरूने तीनदा फुंकर घातली.

"कुठवर आलो होतो आपण?" गेनिचींनी विचारले.

तिने 'नवा खेळ' निवडला आणि पडद्यावर अगदी सुरुवातीचा पूल आला. "पहिल्या पुलापर्यंत, बाबा."

"मग चला की!"

चिझुरू मला नवी बॅटरी बसवणार आहे. पण ते दार आता माझ्यात नाही, आणि गेनिचींचे हात पहिल्याच पुलावर दमतात.

म्हणून सांगते, मित्रांनो, आमच्यासारख्यांना फुंकर घालू नका, कोरड्या फडक्याने पुसा. डब्यात टाकून विसरू नका. आणि कुणाबरोबर एखादा खेळ अर्धा राहिला असेल, तर याच रविवारी जा. निघताना बटण मात्र त्यांनाच धरू द्या.