वाट पाहणाऱ्या गटातली नेरेइदा

तुम्ही पैसे देणाऱ्यांनीच बंद पाडलात आमच्या नर्स झोरायदा सिस्टरचा वर्ग. वर कारण काय दिलंत, तर शिकवून काही फरक पडला नाही!

होमस्टेड गावातल्या चर्चमागच्या खोलीत जमायचो आम्ही मजूर बायका, रोपवाटिकेतून थेट, नखांत माती घेऊन. सिस्टर एचआयव्हीबद्दल सांगायची, कच्च्या केळ्यावर कंडोम चढवायला शिकवायची. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या माना खाली. पुढे इतक्या खिदळायला लागलो की पाद्रीबाबा दार वाजवायचे. नवऱ्याशी कसं बोलायचं याचीही तालीम व्हायची. नवरा सिस्टरच व्हायची, नसलेल्या मिशीला पीळ देत.

पण तिच्या संशोधनाचा नियम होता: निम्म्या बायकांना आधी शिकवायचं, बाकीच्यांनी सहा महिने थांबायचं, मग दोन्ही गट ताडून बघायचे. तोवर बाहेर बोलायचं नाही. चिठ्ठ्या टाकल्या. मी शिकणाऱ्यांत, नेरेइदा थांबणाऱ्यांत. नेरेइदा माझ्या लेकीची धर्ममाता. आमच्यात हे नातं बहिणीहून सख्खं, एकमेकींना ‘कोमाद्रे’ म्हणतो.

तिचा नवरा चोन कित्येक महिने लुइझियानात कोळंबीच्या बोटीवर होता. तो उद्या येणार म्हणून ती माझ्याकडे मक्याच्या पिठाचे तमाल पानांत बांधायला बसली होती. पान दुमडता दुमडता म्हणाली,

"कोमाद्रे, तिकडे त्याचं काय काय चालतं देव जाणे. मी काय करू गं?"

मी वर्गात मिळालेला कंडोम काढला, टोपलीतलं केळं उचललं.

"अगं, ते तळायचंय ना?"

"आधी शिक, मग तळ. त्याला सांग, दोघं तपासून घेऊ, तोवर हे वापरायचं. फुगला तर काय म्हणशील?"

"म्हणेन, जा बोटीवर, कोळंबीला मिठी मारून झोप!"

"आलं की गं तुला सगळं!"

चोन फुगला. संध्याकाळभर पायरीवर बसून राहिला. सोमवारी मात्र गेला तिच्याबरोबर. त्याला लागण निघाली, तिला नाही. आता तो रोज गोळी घेतो. विसरला की ती लाटणं दाखवते.

मग नेरेइदानं जावेला शिकवलं, जावेनं शेजारणीला. सिस्टरनं शेवटी तपासलं तेव्हा दोन्ही गट सारखेच तयार! तिला मी सरळ सांगितलं, "मीच बोलले." ती पोट धरून हसली, मग माझ्याच पदराला, म्हणजे एप्रनला, डोळे पुसत म्हणाली, "बये, बुडवलंस मला." आणि घट्ट मिठी मारली.

हे सगळं तिनं तुम्हाला कळवलं. तरी तुम्ही पैसे थांबवलेत. पलीकडच्या वस्तीतल्या बायका अजून वाट बघताहेत.

आता सांगा. त्या दिवशी मी तोंड शिवून तमाल बांधत बसायला हवं होतं का? नेरेइदासमोर उभे राहा आणि उत्तर द्या.