हद्दीपलीकडची हिरवी पट्टी

पुतणीने दोन जुने नकाशे टेबलावर शेजारी शेजारी पसरले आणि काकांनी ते लगेच ओळखले. अक्षर त्यांचंच, हिरवा रंगही त्यांनीच भरलेला. केंद्र सरकारच्या या नकाशा कार्यालयात काकांनी अख्खी हयात घालवली होती. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि आता पुतणी इथेच साहेब होती.

"काका, राखीव जंगलाचा आदेश फक्त या राज्यापुरता आहे. मग हिरवा रंग हद्द ओलांडून पलीकडच्या राज्यात तीन बोटं कसा शिरला? जमिनीवर पाच किलोमीटर होतात ते!"

काका चष्मा पुसत बसले.

"संध्याकाळी नवा नकाशा पक्का होतोय. आदेश नसेल तर पट्टी पुसावी लागेल, आणि मग तिथे कुणीही कुऱ्हाड घालेल. तुमच्या वेळी आदेश आला होता का? आठवत असेल तर तसं लिहून द्या, मी सही करते."

आठवत कसं नसणार! खिडकीजवळचं ते तिरकं टेबल, पाण्याची वाटी, मऊ ब्रश. पाणीदार रंगाचं एक असतं, ओला आहे तोवर थांबायचं नाही, थांबलात की कडेला डाग धरतो. दोन राज्यांचे दोन्ही कागद जोडून टाचलेले, काका रंग ओढत निघालेले, आणि समोर मोजणीदार लंबू. सहा महिने रानात काढून आलेला, नाकाची सालं निघालेली, तोंडाचा पट्टा सुरू. "अरे, काय तळं आहे तिथे! पाणी असं की बूट काढायचीसुद्धा लाज वाटते." काका आ वासून ऐकत राहिले आणि ब्रश बिनधास्त दुसऱ्या राज्यात गेला.

रंग हद्दीपार गेलेला दोघांनाही दिसला. खरं तर तो पात्याने खरवडून साहेबांना दाखवायला हवा होता. लंबू म्हणाला, "राहू दे रे! झाडांनी कुठे राज्याचा दाखला काढलाय?"

दोघं पोट धरून हसले. नकाशा छापला गेला. पलीकडचे वनरक्षक तो बघून गस्त घालायला लागले, ते पस्तीस वर्षं घालतायत. लंबू जाऊन चार वर्षं झाली.

आता नुसतं 'हो' म्हटलं की काम फत्ते. काकांनी पुतणीकडे पाहिलं. खोटं आपलं, सही तिची.

"आदेशबिदेश काही नव्हता गं. गप्पांच्या नादात हात पुढे गेला."

"काका! अहो, इथे अजून तुमच्या हाताचे दाखले देतात!"

"बंद करा म्हणावं."

ती हसली नाही. तिने बटण दाबलं, पडद्यावरची पट्टी पांढरी झाली. काकांनी ती एका दमात रंगवली होती.

"आता?" काकांनी विचारलं.

"आता पलीकडच्या राज्याला रीतसर प्रस्ताव. तिथे काय काय जगलंय ते बघितलेल्या माणसाने लिहायला हवं. तुम्ही लिहाल?"

"मी?" काका ओशाळले. "मी कधी गेलोच नाही तिथे. लंबू सांगायचा, मी रंगवायचो."

पुतणीने कपाळावर हात मारला.

काका मात्र उठून नकाशावर वाकले, बोटाने रस्ता शोधायला लागले. "शनिवारी सुट्टी आहे ना तुला? गाडी काढ. गुडघे दुखले तर मी बघून घेईन."