टपली मारा, पण थांबा

हॅलो... हॅलो... मागे ऐकू येतंय का? येतंय? बरं. मग वायर सरकायच्या आत बोलून घेतो, कारण माझा काही नेम नाही. मी शाळेच्या हॉलमधला जुना माईक बोलतोय. तसा जन्मभर बोललोय, पण सगळं दुसऱ्यांचं. स्वतःचं सांगायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे जरा धाकधूक होतेय.

माझा जन्म कारखान्यातला. एकीने पोटात तारा जोडल्या, दुसरीने डोक्यावर जाळीची टोपी बसवली आणि शेवटच्या टेबलावरच्या माणसाने मला तोंडाशी धरून "हॅलो" म्हटलं. तेव्हापासून जो भेटतो तो आधी हॅलोच म्हणतो. पुढे काय बोलायचं ते बहुतेकांना नंतर सुचतं.

हेडसर मला शाळेत घेऊन आले तेव्हा काय माझा थाट होता! चकचकीत स्टँड, लांबलचक वायर, पोरं लांबून बघायची. मग सुरू झाली नोकरी. बक्षीस समारंभ, वक्तृत्व स्पर्धा, पालकसभा. पाहुणे यायचे, "वेळ कमी आहे, दोनच शब्द बोलतो" म्हणायचे आणि मागच्या रांगेतली पोरं झोपून उठेपर्यंत बोलायचे. कुणी माझ्यात फुंकायचं, कुणी खोकायचं, कुणी मला असं घट्ट धरायचं की जणू मी पळूनच जाणार. खरं सांगू का, पळावंसं वाटायचंच. मला एका जागी उभं राहणं मुळीच सोसत नाही, आणि नशिबी आला तो स्टँड!

एकदा असेच एक पाहुणे माझ्या वायरीत पाय अडकून धडपडले. ते सावरले, मी मात्र पालथा पडलो. तेव्हापासून माझ्या मानेतली तार सैल आहे. बोलता बोलता खर्र... खट्... आणि गप्प! शिपाईकाका काळी पट्टी गुंडाळतात, रुमालाने माझी टोपी पुसतात आणि दर कार्यक्रमाआधी बजावतात, "राजा, आज नाक कापू नकोस हं." पण घोडं अडायचं तिथे अडतंच. मग बोलणारा माझ्या डोक्यात टपली मारतो, सगळा हॉल माझ्याकडे बघत थांबतो आणि मी पुन्हा सुरू होतो. एवढंच माझं औषध.

हां, तर सांगायचं होतं ते वेगळंच. बघा, माझं हे असं, विषय सोडून भरकटतो.

आमच्या शाळेत शेवटच्या वर्गाला निरोप देताना चिमटे काढायची पद्धत आहे. म्हणजे काय, तर कुणीही कुणाबद्दल गमतीचं काही चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची नाही आणि चिठ्ठी खडूच्या खोक्यात टाकायची. निरोपाच्या दिवशी ती माझ्यासमोर वाचली जाते. ज्याला चिमटा बसला त्याने वर यायचं आणि परतफेड करायची, म्हणजे उलट एक तरी वाक्य बोलायचं. त्याशिवाय त्याला खाली सोडत नाहीत. भाषणं चालू असताना मी पेंगतो, पण चिमट्यांच्या दिवशी माझी वायर सकाळपासून शिवशिवत असते.

त्या वर्षीचा वर्ग तर एकेक नग! चिमटे वाचायचं काम भोंग्याकडे. हा वर्गाचा मॉनिटर, आवाज असा की त्याला खरं तर माझी गरजच नव्हती. नेहमी दांडी मारणारा तो पाहुणा. वह्या उद्या आणतो म्हणणारा तो उद्या. परीक्षेत भराभर पुरवण्या मागणारी ती पुरवणी. वर्गात एकूणएक पोराला टोपणनाव होतं.

नव्हतं ते फक्त एका मुलीला. तिला सगळे तिच्या खऱ्या नावाने हाक मारायचे, हजेरीत असतं तसं, अदबीने. ती बोलताना अडखळायची. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच दार धरून उभा राहायचा. ती अशी अडकली की समोरचे सगळे छताकडे बघायला लागायचे. मला ते स्टेजवरून स्पष्ट दिसायचं. वाईट कुणीच नव्हतं हो, तिला संकोच वाटू नये म्हणून बघायचे बिचारे.

निरोपाच्या आधीच्या आठवड्यात ही मुलगी मधल्या सुट्टीत रिकाम्या हॉलमध्ये यायला लागली. दार लोटून घ्यायची, माझ्यासमोर उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "म... म... मला सांभाळून घेतल्याबद्दल मी स... सगळ्यांची आभारी आहे." पुन्हा. आणि पुन्हा. मी बंद होतो, पण बंद असलो तरी ऐकतो सगळं. मला कळलं, ही परतफेडीची तयारी करतेय! आपल्यालाही चिमटा बसणार, आपल्यालाही वर बोलावणार, असं धरून चाललीय. शेवटच्या दिवशी तिचं वाक्य बऱ्यापैकी सरळ आलं, तेव्हा तिने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या टोपीवर हळूच टपली मारली. ते वाक्य मला जरा अळणीच वाटायचं, पण माईकला कोण विचारतं? मी मनात म्हटलं, पोरी, तुझ्या वेळी मी काही अडकत नाही.

निरोपाची सकाळ उजाडली. काकांनी मला पुसून उभं केलं. थोड्या वेळाने वर्गशिक्षिका बाई आणि भोंगा स्टेजवर आले आणि चिठ्ठ्या चाळायला लागले. एखादी जास्तच झोंबणारी असली तर काढून टाकायची, हा बाईंचा नियम. बाई म्हणजे तशा फणसासारख्या, वरून काटे, आत गोडवा.

"हिच्या नावाच्या जेवढ्या असतील तेवढ्या बाजूला काढ," त्या अडखळणाऱ्या मुलीच्या चिठ्ठीवर बोट ठेवून बाई म्हणाल्या.

भोंग्याने आवाज खाली आणला. म्हणजे त्याच्या मानाने खाली. "बाई, पण वाचा तरी. तसलं काही नाहीये त्यात."

"मला वाचायच्याच नाहीत. चिमटा काढला की परतफेड आली. एवढ्या लोकांसमोर तिला उभं करायचं? आईवडील पण येणार आहेत तिचे. नको रे बाबा! शेवटच्या दिवशी पोरीच्या डोळ्यांत पाणी नको."

भोंग्याने त्या चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. अहो, माझा नुसता जळफळाट झाला! अहो बाई, तिने पाठ केलंय, मी ऐकलंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण दुसरा कुणी बोलल्याशिवाय मला बोलता येत नाही, हे माझं दुर्दैव. मी आपला नुसताच गुणगुणत राहिलो. काकांनी येऊन माझी पट्टी आणखी घट्ट केली.

दुपारी हॉल गच्च भरला. ती तिसऱ्या रांगेत, कडेला बसली होती. भोंग्याने खोक्यात हात घातला.

"उद्या! याच्या वह्या अजून घरीच आहेत. घर कुठे आहे ते मात्र एकाही सरांना कळलेलं नाही!"

उद्या ऐटीत वर आला. "पत्ता उद्या देतो," म्हणाला आणि उतरला. हॉल खदखदला.

"पाहुणा! तू वर्गात आलास की चहा विचारायचं राहून जातं, राग मानू नकोस!"

"चहा राहू दे, मी निघतोच आहे."

"पुरवणी! ही तिसरी पुरवणी मागते तेव्हा आमचं नुसतं नाव लिहून झालेलं असतं!"

"आणि नावापुढचं माझ्या पेपरातून उतरवत होतात, ते कोण सांगणार?" पुरवणीने असा ठोसा दिला की हेडसरही तोंडावर रुमाल धरून हसले.

मला मात्र हसू येत नव्हतं. भोंग्याचा हात खोक्यात गेला की तिची पाठ ताठ व्हायची, ओठ हलायला लागायचे. दुसऱ्याचं नाव निघालं की पाठ पुन्हा खुर्चीला टेकायची. पुन्हा हात, पुन्हा ताठ. माझा जीव टांगणीला लागला होता. मी मध्येच खर्र करून बघितलं, भोंग्याने टपली मारून मला ताळ्यावर आणलं. शेवटी खोकं रिकामं झालं. भोंग्याने ते पालथं करून दाखवलं आणि बाई आभार मानायला पुढे आल्या.

तेवढ्यात ती उठली.

कुणी बोलावलं नव्हतं, तरी सरळ पायऱ्या चढून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आणि एकजात सगळ्या माना छताकडे वळल्या.

"बाई, म... म... माझा चि... चिमटा?"

बाईंचा चेहरा पडला. "अगं, तुझा... नसेल लिहिला बाळा कुणी."

"ए... एकानेही?" तिचा आवाज माझ्यातून सगळ्या हॉलभर गेला. "इतक्या व... वर्षांत माझ्यात चि... चिडवण्यासारखं क... काहीच नव्हतं?"

माझ्या तारेत काहीतरी तुटल्यासारखं झालं हो. आयुष्यात मी इतकी भाषणं पोचवली, पण एवढं जड वाक्य पोचवलं नव्हतं. बाई खाली बघत होत्या. भोंग्याचा हात खिशावर होता. त्याने बाईंकडे बघितलं. बाईंनी हळूच मान हलवली. भोंग्याने खिशातून मूठभर चिठ्ठ्या काढल्या आणि वरची उघडली.

"ही सगळ्यांचे डबे फस्त करते आणि स्वतःचा डबा भरलेला घरी नेते! हिच्या आईला वाटतं, आपल्या लेकीला भूकच नाही!"

पहिली हसली ती तिची आईच. "हिला मी टॉनिक देतेय गं बाई!" ती खुर्चीतून मोठ्याने म्हणाली आणि मग अख्खा हॉल फुटला. बाई तर कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. पोरांनी तिच्या बोलण्याबद्दल काहीच लिहिलं नव्हतं, लिहिलं होतं ते तिच्या खादाडपणाबद्दल.

"परतफेड! परतफेड!" पोरं ओरडायला लागली.

आता माझी कसोटी होती. तिने तोंड उघडलं, "म... मला सांभाळून घ..." आणि खर्र... खट्. मी गप्प! पोरीला दिलेला शब्द आणि नेमक्या वेळी हा घात! काका धावत निघाले. तिने हातानेच त्यांना थांबवलं. माझ्या डोक्यात एक टपली मारली. शांतपणे वाट बघितली. सगळा हॉलही माझ्याकडे बघत होता, एकाचीही मान वर नव्हती. तिने ते बघितलं. आणि तिच्या चेहऱ्यावर असं मिश्कील हसू आलं की मी घाबरून चालूच झालो.

"बघा," ती म्हणाली, "हा अ... अडकला, तर टपली मारून सगळे थांबता. मी अ... अडकले, की छताकडे बघता. छतावर प... पाली आहेत फक्त! मला पण टपली मारा. प... पण थांबा."

आणि मग भोंगा, माझ्या शेजारी उभा राहून, माझी काहीच गरज नसताना, गरजला, "ए माईक! उतर आता खाली, आणि निदान आज तरी आमचे डबे सोड!"

मला वाटलं, मलाच हाक मारली. मी कूं करून ओ दिली. पण सगळे तिच्याकडे बघत होते. "माईक! माईक!" पोरं बाकं वाजवत होती, पुरवणी पळत वर येऊन तिला टपल्या मारत होती, आणि ती हसत होती, रडत होती, नाक पुसत होती. शाळेच्या शेवटच्या दिवशी का होईना, तिला टोपणनाव मिळालं होतं. आणि तेही माझं! बाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "चुकलं गं माझं." मग त्याही छताकडे न बघता तिचं उत्तर येईपर्यंत थांबल्या. उत्तर यायला बराच वेळ लागला.

आता मी कपाटात असतो, जुन्या ढाली आणि फाटक्या पडद्यांबरोबर. हॉलमध्ये बिनवायरचा नवा माईक आलाय. तो भाग्यवान, हातात बसून हिंडतो, स्टेजभर फिरतो. अडकत तर अजिबात नाही. मला इथे करमत नाही, अंधारात सारखी चुळबुळ चालते. काका कधी कपाट उघडतात, टोपी पुसतात, "काय राजा?" म्हणतात. एवढं बरं वाटतं.

निघताना एकच मागणं आहे. माझ्यासाठी नाही, माझं काय आता. माझ्या नावाची माणसं तुमच्या वर्गात, घरात, कामावर कुठेतरी असतील. त्यांना चिडवायचं सोडू नका. आणि बोलता बोलता ती अडकली, तर... खर्र...

...खट्.

...

हां, आलो. थांबलात ना? बस्स, असंच.