तुटला नव्हता, कापला होता

मी पट्टा बोलतोय. कुत्र्याचा पट्टा. माझ्या दोन तुकड्यांकडे बघून "अरेरे, तुटला वाटतं बिचारा" असं म्हणणार असाल तर आधीच सांगतो, मी तुटलेलो नाही. मला कापलंय, तेही भाजीच्या सुरीने. एवढा फरक ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल.

माझा जन्म चामड्याच्या वस्तू करणाऱ्या एका दुकानात झाला. भोवती कंबरपट्टे, पिशव्या आणि माझ्यासारखेच कुत्र्यांचे पट्टे टांगलेले होते. पण ते सगळे कुत्रा धरून ठेवायला बनले होते. मी बनलो सोडायला. माझ्या मुठीकडच्या टोकाला एक कडी आहे. ती ओढली की आतली दोरी खीळ काढते, गळ्याभोवतीचा भाग चटकन उघडतो, कुत्रा सुटतो आणि मी अख्खाच्या अख्खा मालकाच्या हातात उरतो.

मला मुद्दाम सांगून करवून घेणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. दवाखान्यात त्यांच्याइतका हळवा माणूस शोधून सापडायचा नाही. "दुखलं तर नुसता हात वर करा हं, लगेच थांबतो," असं प्रत्येकाला प्रेमाने सांगायचे. रविवारी सकाळी मात्र हेच डॉक्टर मला काडीच्या गळ्यात अडकवून माळावर जायचे. काडी म्हणजे त्यांची शिकारी कुत्री. लांब पाय आणि मुठीत मावेल एवढी कंबर, म्हणून हे नाव. ती ज्याच्या मागे धावायची त्या सशाला हात वर करता येत नव्हता, हा बहुधा त्याचाच दोष.

बरोबर डॉक्टरांचा मेहुणा असायचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आमच्या बाईंचा, धाकटा भाऊ. त्याचं काम गवत बडवून ससा उठवायचं आणि भाऊजींच्या प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर" म्हणायचं. ससा उठला की डॉक्टर थोडं थांबायचे. त्याला जरा पुढे जाऊ द्यायचे. "त्यालाही संधी मिळायला हवी," असं वर म्हणायचे. केवढा हा न्याय! मग कडी ओढायचे.

तुम्ही सशाला मुका समजत असाल. तो शेवटी ओरडतो. तान्हं मूल ओरडावं तसा ओरडतो. ते ऐकलं की मेहुणा म्हणायचा, "झालं काम," आणि थर्मासचं झाकण उघडायचा.

चहा पिताना दोघांना तत्त्वज्ञान सुचायचं.

"काही म्हणा भाऊजी, हे तिच्या रक्तातच आहे. आपण काय करणार?"

"तेच तर! निसर्ग आहे हा. आपण मधे पडणारे कोण?"

मी त्यांच्याच मांडीवर पडून हे ऐकायचो आणि मला शिसारी यायची. निसर्ग होता तर मला कशाला करवून घेतलंत? काडीच्या रक्तात पळणं होतं, मान्य. पण कडी काही तिच्या रक्ताने ओढली नव्हती. आणि मेलेल्या सशाचं हे दोघे काय करायचे? काही नाही. झुडपात टाकायचे. पोटासाठी मारणाऱ्याची मला कीव तरी आली असती.

मग कायदा आला. सशावर कुत्रा सोडणं हा गुन्हा ठरला. मला वाटलं, सुटलो. पण त्यात एक पळवाट होती. कुत्रा आपसूक निसटून गेला, तर मालकावर गुन्हा नाही. जन्मात कधी औषधाच्या बाटलीवरच्या सूचना न वाचणाऱ्या मेहुण्याने हा कायदा मात्र तोंडपाठ केला. तेव्हापासून शिकार बंद झाली आणि "फिरायला जाणं" सुरू झालं. फिरणं त्याच माळावर, गवत बडवणं तसंच, कडीही तीच.

एका रविवारी बांधाआडून वनखात्याच्या एक बाई उभ्या राहिल्या. एका हाताने त्यांनी काडीला मानेच्या कातडीला धरलं होतं. दुसऱ्या हातात ससा लोंबत होता. डॉक्टरांनी मला घाईघाईने कोटाच्या खिशात कोंबलं.

"कुत्री कुणाची?"

"आमचीच हो," डॉक्टर साळसूदपणे म्हणाले. "पट्टा तुटला ना अचानक."

"असं? मग उद्या पट्टा घेऊन ऑफिसात या. तोवर कुत्री आमच्याकडे राहील."

खिशात मी धडधाकट होतो. आयुष्यात माझी शिवणसुद्धा कधी उसवली नव्हती. आणि हा माणूस चारचौघांत माझ्या नावाने खडे फोडत होता!

घरी येताच डॉक्टरांनी मला ओट्यावर ठेवलं आणि सुरी चालवली. बाई भाजी निवडत होत्या.

"अहो, भाजीची सुरी आहे ती! काय कापताय?"

"काही नाही. तू तुझं बघ."

मग मागच्या पायरीवर बसून त्यांनी माझी कापलेली टोकं दगडावर घासली. तुटल्यासारखी दिसावीत म्हणून. दात कोरण्यात मुरलेला हात तो, काम फारच सुबक झालं. बाई दारात उभं राहून बघत होत्या. त्यांना काडीची काळजी होती. तिला रोज खायला त्याच घालायच्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मेहुणा आणि बाई असे तिघे ऑफिसात गेले. घरंदाज कुटुंब दिसावं म्हणून बाईंना मुद्दाम नेलं होतं. डॉक्टरांनी माझे दोन्ही तुकडे ऐटीत टेबलावर मांडले. इथेच त्यांची अक्कल शेण खायला गेली.

वनखात्याच्या बाईंनी गळ्याकडचा तुकडा उचलला. "पट्टा मधे तुटला ना? मग हा तुकडा कुत्रीच्या गळ्यात हवा होता. मी तिला मानेला धरून आणली ती का? गळ्यात साधा दोरासुद्धा नव्हता. हा तुमच्याकडे कसा आला?"

वर्षानुवर्षं मोकळ्या गळ्याची कुत्री धावताना बघणाऱ्यांना, खरा पट्टा तुटला की अर्धा गळ्यातच राहतो, हे ठाऊक कुठून असणार?

"झटक्यात तोही निसटला असेल," मेहुणा म्हणाला.

"तुटलाही आणि निसटलाही? ठीक आहे. मग कुत्री हाताबाहेर गेलीय असंच मानावं लागेल. नियमाप्रमाणे अशा कुत्र्याला इंजेक्शन देऊन संपवतात. तुम्ही सोडली असेल, तर गुन्हा तुमचा आणि ती वाचेल. काय ते खरं सांगा."

बाहेर पिंजऱ्यात काडी होती. डॉक्टरांचा आवाज ऐकून शेपटी आपटत होती. मेहुणा कुजबुजला, "दुसरी आणू की भाऊजी." डॉक्टरांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "नियम आहे तर आमची काही हरकत नाही."

या माणसाची मला कायमची किळस आली ती त्या क्षणी.

तेवढ्यात बाई बोलल्या. "पट्टा तुटला नाही. यांनी काल माझ्यासमोर कापला. कुत्री हेच सोडतात, दर रविवारी."

"ताई, वेड लागलंय का तुला? घरातली गोष्ट आहे ही!"

"आणि काडी घरातली नव्हती का रे? आत्ता तिला मारायला दोघांनीही माना डोलावल्यात. लाज वाटू दे जरा."

डॉक्टरांवर खटला झाला. काडीला आता बाई साध्या, न उघडणाऱ्या पट्ट्याने फिरवतात. मी पुरावा म्हणून इथे वनखात्याच्या कपाटात पडून आहे. डॉक्टर आता ज्याला त्याला सांगतात की घरच्यांनीच घात केला, आणि लोक हळहळतात. सशासाठी कुणी हळहळल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. पुढे कुणी तोंड वर करून "पट्टा तुटला" म्हणालं, तर पट्ट्याकडे बघून चुकचुकू नका. आधी कुत्र्याचा गळा बघा. तो मोकळा असेल, तर त्या माणसाचा हात बघा.