अंगण चकचकीत, छाती काळी

सवाई बेटावरच्या त्या गावात महिला समिती येऊन अंगणं तपासणार, नंबर देणार म्हटलं की सगळ्यांच्या हाती झाडू येई. मोएलागी आजी तर समितीची प्रमुख! उजाडताच तिनं नीरफणसाची पानं झाडून ढीग केला. वर आठवड्याचा कचरा टाकला. नूडल्सची पाकिटं, बाटल्या, धाकट्या नातवाचे वापरलेले डायपर. आणि काडी लावली.

"आजी, छातीत शिट्टी वाजतेय," पाच वर्षांची फेतुआओ म्हणाली. पोर कालपासून खोकत होती.

"मग ये, धुरापाशी बस. कफ सुटतो. माझ्या आईनं आम्हा आठ जणांना असंच वाढवलं!"

धूर काळा, चिकट निघाला. तिथल्या रीतीनं नुसत्या खांबांवर उभ्या, भिंती नसलेल्या घरात तो विचारून थोडाच शिरतो! आजी झाडत राहिली. मागचा खोकला थांबला, म्हणून तिनं वळून पाहिलं. पोरीच्या गळ्याखाली श्वासागणिक खड्डा पडत होता. ओठ निळसर!

झाडू तिथंच पडला. शेजाऱ्याच्या गाडीतून आजीनं तिला दवाखान्यात नेलं. परिचारिका लोसा ही आजीची भाची. तिनं पोरीला औषधाच्या वाफेचा मुखवटा लावला.

"काय जाळलंत, मावशी?"

"पानं गं. पिढ्यान्‌पिढ्या जाळतोय. कफ सुटावा म्हणून हिला धुरापाशी बसवलं."

"नुसती पानं?"

आजी पोरीच्या केसांतली राख झटकू लागली.

"डायपरसुद्धा ना?"

"मग काय समितीपुढे मांडून ठेवू?"

"तुमच्या लहानपणी ढिगात काय असायचं, आठवा."

आजीला आठवलं. केळीची पानं, नारळाच्या शेंड्या, करवंट्या. बाजारातला मासासुद्धा पानात बांधून यायचा.

"तेव्हा प्लास्टिक नव्हतं, मावशी. त्याच्या धुरात विष असतं. लहानग्यांच्या श्वासनळ्या आधीच बारीक, त्या सुजून आवळतात. आणि दम लागणाऱ्या पोरीला पानांचा धूरही सोसत नाही. धुरानं कफ सुटत नाही, जीव गुदमरतो!"

अर्धा तास आजीचे डोळे त्या इवल्या छातीवरून हलले नाहीत. हळूहळू शिट्टी मंदावली. मुखवट्याआडून आवाज आला, "आजी, आपलं अंगण पहिलं येईल ना?"

आजीला हुंदका आवरेना.

दुपारी पोरीच्या आईला तिच्याजवळ बसवून आजी घरी आली. समितीच्या बायका दारात उभ्याच होत्या.

"नेहमीसारखा पहिला नंबर! लिहू?" सेफिना म्हणाली.

आजीनं काठीनं राख उकरली. वितळलेल्या बाटल्यांचा काळा गोळा वर आला.

"लिही. नापास."

"अगं बाई! प्रमुखच नापास?"

"हो. माझ्या फेतुआओचा श्वास याच ढिगाच्या धुरानं अडवला. यापुढे आधी राख बघायची, अंगण नंतर. पानं केळीच्या बुंध्याशी टाका. प्लास्टिक, डायपर पोत्यात भरून रस्त्याकडेच्या मचाणावर ठेवा, तिथं कुत्री पोचत नाहीत; कचऱ्याची गाडी नेईल."

सेफिना हसायला गेली, पण हसू ओठांतच राहिलं. तिच्याही अंगणातून सकाळी धूर निघाला होता. तिनं नापासांच्या यादीत मोएलागीच्या नावाखाली मुकाट्यानं स्वतःचं नाव लिहिलं.

बायांनो, जाळलेला कचरा नाहीसा होत नाही. तो आपल्याच लेकरांच्या छातीत जाऊन बसतो. ज्या अंगणात पोर मोकळा श्वास घेतं, तेच खरं स्वच्छ अंगण!