नीलाबाईच्या कमरेची किल्ली

कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर रणजीतच्या अंगणात सकाळपासून सतरंज्या अंथरणं चाललं होतं. लेक रीताची सोयरीक पक्की करायला पाहुणे यायचे होते. आणि रणजीतचा बाप, सेवा, शेळ्यांच्या गोठ्यात पोट धरून कण्हत पडला होता.

म्हाताऱ्याला वरचेवर लघवीला लागायची, धार तुटायची, धोतर ओलं व्हायचं. वास येतो म्हणून रणजीतनं त्याची खाट गोठ्यात टाकली, संडासाला कुलूप घातलं आणि दुपारनंतर पाणी बंद केलं. कमी प्याला की कमी उठंल, हे त्याचं शहाणपण! बापानं किल्ली मागितली की सगळ्यांदेखत खिदळायचा. तांडाही म्हणायचा, वयच झालं, चालायचंच. चुलीत घाला असलं चालणं.

आज पहाटेपासून सेवाला थेंब उतरला नव्हता. पोट दगडासारखं झालं होतं. त्याची बायको नीलाबाई हिनं लेकाला विनवलं, हिंगोलीला दवाखान्यात ने. तो म्हणाला, पाहुणे जाऊ दे, मंग बघू. तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं खुंटीवरची किल्ली काढून कमरेला खोचली.

पाहुणे आले. नीलाबाईनं हसतमुखानं ताक वाढलं, तांब्यामागून तांबे. सोयाबीन काढून रान उघडंबोडकं झालेलं, आडोसा कुठंच नाही. बायालेकरांना तिनं कुलूप उघडून दिलं आणि पुन्हा घातलं. गडी चुळबुळायला लागले. शेवटी रणजीतच मांड्या आवळत किल्ली मागायला आला.

"पाहुणे जाऊ दे, मंग बघू," नीलाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सकाळी तूच म्हनला ना? तुझा बाप तिकडं गोठ्यात तुंबून मरून राहिला."

नवऱ्या मुलाचे आजोबा सटवाजी उठून गोठ्यात गेले. बाहेर आल्यावर म्हणाले, मलाही हीच तकलीफ होती, इलाजानं उतार पडला. सोयरीक पक्की झाल्याचा गूळ खाऊ तो या म्हाताऱ्याच्या हातचाच, त्याआधी न्हाई. त्यांच्याच जीपमधून सेवाला हिंगोलीला नेलं.

नळी घातली तसा सेवा सुटकेनं रडला. लघवीच्या वाटेवरची ग्रंथी वाढलेली, त्यात जंतूंची बाधा, पाणी तोडल्यानं आणखी चिघळलेलं. वेळेत आणलं असतं तर गोळ्यांवरही भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढं नळी निघाली, खाट घरात आली, सेवाच्या हातच्या गुळानं सोयरीकही झाली. किल्ली मात्र नीलाबाईच्याच कमरेला आहे. नवरा उठायच्या आत ती दार उघडून ठेवते. रणजीतला मात्र मागावी लागते, चारचौघांत, कशाला हवी ते मोठ्यानं सांगून.

तांड्यातल्या बाया म्हणतात, आता पुरे कर, लेकरूच हाय तुझं.

"बापानं माफ केलं त्याला," नीलाबाई म्हणते. "म्या न्हाई."